एंटर दाबेपर्यंत मेनफ्रेमला काहीच माहीत नसतं

"सर, एंटर दाबतेय, पण काहीच होत नाहीये."

पुण्यातल्या आमच्या ऑफिसात मेनफ्रेमच्या, म्हणजे बँका आणि विमा कंपन्या वापरतात त्या मोठ्या मध्यवर्ती संगणकाच्या, प्रोजेक्टवर नवी बॅच आली की पहिल्या तासाभरात हे वाक्य कोणी ना कोणी म्हणतंच. समोर विंडोजचा साधा लॅपटॉप, त्यावर एक काळी विंडो, तीत हिरवी-निळी अक्षरं. मुलीने यूजर आयडी टाइप केलाय, कीबोर्डवरचं मोठं एंटर दाबलंय आणि कर्सर नुसता खालच्या ओळीत जाऊन बसलाय. परत दाबलं, कर्सर आणखी खाली. मी सांगतो, "स्पेसबारच्या उजव्या बाजूचं कंट्रोल दाब." ती दाबते. स्क्रीन क्षणभर थबकते आणि पुढचं पान समोर येतं.

त्या क्षणी तिच्या चेहऱ्यावर जो प्रश्न उमटतो, त्याला "इथे असंच असतं" एवढंच उत्तर देऊन पुढे जाणारे बरेच सिनियर मी पाहिलेत. मला ते पटत नाही. असंच असण्यामागे एक कारण आहे. ते नीट समजलं की कीबोर्ड मधेच का अडतो, अक्षर मधे का घुसत नाही, कॉपी-पेस्ट का फसतं, या सगळ्याचा उलगडा आपोआप होतो. पाठांतर करावं लागत नाही.

कारण असं: तुम्ही टाइप करता ते मेनफ्रेमला दिसतच नसतं. एंटर, किंवा एंटरच्या जातीची दुसरी एखादी की, दाबेपर्यंत तुमचं एकही अक्षर तिकडे पोचलेलं नसतं.

विंडोत दडलेलं यंत्र

१९७१ साली आयबीएमने ३२७० नावाचं टर्मिनलांचं घराणं बाजारात आणलं. जड पडदा, जड कीबोर्ड, आणि दोन्ही मिळून एका कोअ‍ॅक्स केबलने कंट्रोलर नावाच्या पेटीला जोडलेले. एका कंट्रोलरला अशी ३२ पर्यंत यंत्रं जोडता यायची आणि कंट्रोलर पुढे मेनफ्रेमशी बोलायचा. पडद्यावर २४ ओळी, प्रत्येक ओळीत ८० अक्षरं, म्हणजे एकूण १९२० जागा. ८० हा आकडा पंच कार्डावरच्या ८० रकान्यांतून आलेला.

आता त्या काळची मेनफ्रेम डोळ्यांसमोर आणा. १९७० मध्ये आलेल्या सिस्टिम/३७० मॉडेल १५५ ला मेमरी जास्तीत जास्त दोन मेगाबाइट. आज मोबाइलवर काढलेला एक फोटोही त्यात मावायचा नाही. तेवढ्या मेमरीवर शेकडो कारकुनांची कामं चालवायची. समजा, दोनशे माणसं सेकंदाला तीन अक्षरं टाइप करताहेत. प्रत्येक अक्षरासाठी मेनफ्रेमला हातातलं काम थांबवून बघावं लागलं, तर सेकंदाला सहाशे वेळा तिचं लक्ष मोडणार, आणि तेही "कोणीतरी क दाबला" एवढंच कळण्यासाठी.

म्हणून आयबीएमने टाइप करण्याचं काम टर्मिनलच्या बाजूलाच ठेवलं. अक्षर लिहिणं, खोडणं, टॅबने पुढच्या चौकटीत जाणं, हे सगळं जागच्या जागी. काम पूर्ण झालं की एंटर, आणि मग सगळं एका गठ्ठ्यात रवाना. याला ब्लॉक मोड म्हणतात.

बँकेत पैसे काढायची स्लिप आठवा. तुम्ही बाजूच्या टेबलावर उभं राहून ती भरता. चुकलं तर खोडता, खातं नंबर पासबुकात बघून लिहिता, पेन चालत नसेल तर शेजारच्याकडून मागून घेता. काउंटरमागच्या माणसाला यातलं काहीच माहीत नसतं. तुम्ही स्लिप खिडकीतून आत सरकवता, तेव्हाच त्याचं काम सुरू होतं. स्लिपवर छापलेला मजकूर तुम्ही बदलू शकत नाही, फक्त रिकाम्या चौकटी भरू शकता. ३२७० चा पडदा म्हणजे हुबेहूब अशी स्लिप, आणि एंटर म्हणजे ती आत सरकवणं.

लिनक्सची काळी विंडो वापरलेल्यांचा इथे सगळ्यात मोठा गोंधळ होतो. ती विंडो डेक कंपनीच्या १९७८ च्या व्हीटी१०० टर्मिनलच्या वंशातली. तिथे प्रत्येक की त्याच क्षणी समोरच्या मशीनकडे जाते आणि पडद्यावर दिसणारं अक्षर सहसा तिकडून परत आलेलं असतं. दिसायला दोन्ही काळ्या विंडो, पण स्वभाव पार वेगळे. पुटीसारखं, लिनक्सच्या मशीनशी जोडणारं टूल घेऊन मेनफ्रेमचं हे पान नीट दिसत नाही, ते याचमुळे. त्याला ३२७० ची भाषाच येत नाही.

टर्मिनल एम्युलेटर म्हणजे ही भाषा बोलणारा प्रोग्रॅम. आयबीएमचा पर्सनल कम्युनिकेशन्स (आम्ही त्याला पीकॉम म्हणतो), फुकट मिळणारा एक्स३२७० आणि विंडोजवरचा त्याचा भाऊ डब्ल्यूसी३२७०, शिवाय रंबा, ब्लूझोन असे बरेच. नावं वेगळी असली तरी सगळ्यांचं काम एकच: १९७१ च्या त्या जड यंत्राचं सोंग हुबेहूब वठवायचं. सेशन उघडताना मेनफ्रेमकडचा सर्व्हर विचारतो, "तू कुठलं टर्मिनल?" आणि तुमचा नवाकोरा लॅपटॉप उत्तर देतो, "आयबीएम-३२७८-२-ई." ३२७८ हे त्याच घराण्यातलं टर्मिनल. २ म्हणजे २४ बाय ८०. ई म्हणजे रंगासारख्या जादा सोयी मला कळतात. सेटिंगमध्ये २ च्या जागी ४ निवडलात तर ४३ ओळी मिळतात, ५ निवडलात तर १३२ रकाने. दिवसभर कोड वाचायचा असेल तर हा बदल जरूर करून बघा, डोळ्यांना आराम पडतो.

सुरुवातीचं कोडंही आता सुटतं. ३२७० च्या कीबोर्डवर एंटरची की खाली उजव्या कोपऱ्यात होती, जिथे आजच्या कीबोर्डवर उजवं कंट्रोल असतं. वरच्या मोठ्या कीचं काम फक्त "पुढच्या ओळीतल्या पहिल्या चौकटीत जा" एवढंच. पीकॉमने बोटांची ती सवय जशीच्या तशी ठेवली: मोठं एंटर म्हणजे नवी ओळ, उजवं कंट्रोल म्हणजे खरं एंटर, डावं कंट्रोल म्हणजे रीसेट.

स्लिपवर नेमकं काय लिहिलेलं असतं

मेनफ्रेमकडून पान येतं तेव्हा त्यात चित्र नसतं. "या जागी जा, इथे फील्ड (म्हणजे पानावरची एक चौकट) सुरू कर, हा मजकूर लिही, कर्सर इथे ठेव" अशा आज्ञांची माळ असते. प्रत्येक फील्डच्या आधी पडद्यावरची एक जागा खर्च करून एक बाइट ठेवलेला असतो, त्याला अ‍ॅट्रिब्यूट म्हणतात. तो दिसतो रिकाम्या जागेसारखा, पण सगळे नियम त्याच्यातच: या फील्डमध्ये लिहिता येईल की नाही, फक्त आकडे घ्यायचे का, मजकूर ठळक दाखवायचा की मुळीच दाखवायचा नाही.

रंगही यातूनच आले. १९७९ मध्ये ३२७९ हे रंगीत टर्मिनल आलं, तेव्हा जुने प्रोग्रॅम कोणी नव्याने लिहिणार नव्हतं. मग या नियमांनाच रंग वाटून दिले: लिहिता येणारं साधं फील्ड हिरवं, लिहिता येणारं ठळक फील्ड लाल, बंद, म्हणजे लिहिता न येणारं, साधं फील्ड निळं, बंद ठळक पांढरं. एखाद्या जुन्या स्क्रीनवर शीर्षक पांढरं, लेबलं निळी आणि भरायच्या चौकटी हिरव्या दिसल्या, तर तो कोणा डिझायनरचा निर्णय नव्हे. रंग बघून पान वाचता येतं, म्हणून मी नव्या मुलांना रंग बदलण्याआधी आठवडाभर थांबायला सांगतो.

अ‍ॅट्रिब्यूटमध्येच आणखी एक छोटी खूण असते: हे फील्ड बदललंय का? तुम्ही चौकटीत एक अक्षर जरी टाकलं तरी एम्युलेटर ती खूण लावतो. एंटर दाबल्यावर सहसा फक्त खूण लागलेली फील्डंच पाठवली जातात.

एकदा बाइट मोजून बघू. खात्याची चौकशी करायची स्क्रीन आहे, तुम्ही दहा आकडी खातं नंबर टाकून एंटर दाबलं. बाहेर काय पडतं? पहिला बाइट ७डी (इथले कोड सोळाच्या अंकपद्धतीत लिहितात), म्हणजे "एंटर दाबलंय". मग कर्सर कुठे आहे ते सांगणारे दोन बाइट. मग "आता या जागेवरचा मजकूर" अशी एका बाइटची सूचना आणि त्या जागेचा दोन बाइटांचा पत्ता. मग दहा आकडे. एकूण १६ बाइट. नेटवर्कची वेष्टणं वेगळी, पण मुद्द्याची गोष्ट १६ बाइटांत संपली. पूर्ण पडदा पाठवायचा तर १९२० बाइट लागले असते, आणि सेकंदाला ४८०० बिट वाहणाऱ्या लाइनवर त्यांना तीन सेकंदांहून जास्त वेळ लागला असता. पन्नास वर्षांपूर्वीची ही काटकसर आजही उपयोगी पडते. घरचं इंटरनेट रडत असताना व्हिडिओ कॉल तुटतो, वेबसाइट उघडत नाही, पण ही काळी विंडो शांतपणे चालू असते.

ते दहा आकडेही तुमच्या लॅपटॉपच्या कोडमध्ये जात नाहीत. मेनफ्रेमची लिपीसंकेत पद्धत एब्सिडिक, आपल्याकडची अ‍ॅस्की आणि तिच्यावर उभं राहिलेलं युनिकोड. एब्सिडिकमध्ये १ चा कोड एफ१, २ चा एफ२. हे भाषांतर एम्युलेटर गुपचूप करत असतो. त्यासाठी कोड पेज, म्हणजे या भाषांतराचा तक्ता, नीट निवडावं लागतं. ते चुकलं तर अक्षरं आणि आकडे बरोबर दिसतात, पण चौकोनी कंस भलतेच उमटतात. तसं झालं तर कोडमध्ये चूक शोधत बसू नका, आधी सेशनचं कोड पेज बघा.

मराठी माणूस म्हणून एक गोष्ट मनाला लागते. एका जागेत एक अक्षर हा या पडद्याचा पाया आहे. आपली जोडाक्षरं, वेलांट्या, रफार त्या चौकटीत सहज बसणारे नाहीत. त्यामुळे अशा स्क्रीनवर मी पाहिलेली मराठी नावं रोमन कॅपिटलमध्येच होती, आणि काळे आणि काले तिथे एकच होऊन जातात.

कीबोर्ड अडला की

पडद्याच्या चोवीस ओळींखाली आणखी एक ओळ असते, स्टेटसची. नवशिके तिच्याकडे बघत नाहीत. खरं तर आधी तिच्याकडेच बघायला शिकायला हवं.

एंटर दाबल्याबरोबर तिथे डाव्या बाजूला फुलीचं चिन्ह येतं आणि कीबोर्डला कुलूप लागतं. स्लिप आत गेली, आता उत्तर येईपर्यंत थांबा, असा त्याचा अर्थ. उत्तर आलं की मेनफ्रेमच कुलूप काढते. फुलीशेजारी घड्याळ किंवा "सिस्टिम" असा शब्द असेल तर समजायचं, तिकडे काम चालू आहे. अशा वेळी चिडून चार-पाच वेळा एंटर बडवणारे लोक असतात, आणि काही एम्युलेटर त्या कीज साठवून ठेवतात. पान आलं की साठवलेली एंटर्स त्या नव्या पानावर एकामागून एक आदळतात. पुढचं पान "नक्की डिलीट करायचं का?" असं विचारणारं असलं तर काय होईल, याचा विचार करा.

दुसरी फुली तुमच्या चुकीची. बंद जागेवर टाइप करायला गेलात, तर फुलीसोबत बाण आणि मधे माणसासारखं चिन्ह दिसतं. इथून दुसरीकडे जा, असा त्याचा अर्थ. ही फुली मेनफ्रेमने लावलेलीच नाही, तिला तर काही माहीतच नाही. ती तुमच्या बाजूच्या यंत्राने लावली. म्हणून तीही तुमच्याच बाजूला सुटते: रीसेट दाबा, टॅबने योग्य चौकटीत जा, पुढे चला. या दोन फुल्यांमधला फरक ज्याला कळला, तो निम्म्या वेळा "सिस्टिम हँग झाली" असं म्हणायचं बंद करतो.

आणि आता तो प्रसंग, जो मला स्वतःला कोणी कधी समजावला नव्हता. एडिटरमध्ये ओळीच्या मधे एक अक्षर घालायचं आहे. इन्सर्ट दाबलं, अक्षर टाइप केलं, आणि फुली. ओळीच्या शेवटी तर पुष्कळ जागा रिकामी दिसतेय. मग अडलं कुठे?

ती जागा रिकामी नसते. ३२७० ला दोन प्रकारची रिकामी जागा माहीत आहे. एक नल, कोड ००, म्हणजे इथे काहीच नाही. दुसरी स्पेस, कोड ४०, म्हणजे इथे कोरं अक्षर आहे. डोळ्यांना दोन्ही सारखंच दिसतं. इन्सर्ट करताना यंत्र पुढची अक्षरं उजवीकडे ढकलतं आणि त्यासाठी शेवटी नल शोधतं. शेवटपर्यंत स्पेसच भरलेले असतील, तर त्याच्या हिशेबाने फील्ड गच्च भरलेलं आहे. उपाय असा: कर्सर शेवटच्या खऱ्या अक्षराच्या पुढे न्या आणि एंड दाबा. एंडवर इरेज ईओएफ हे काम बसवलेलं असतं, ते तिथून फील्डच्या टोकापर्यंत नल भरतं. मग हवं तेवढं इन्सर्ट करा. आयएसपीएफच्या (मेनफ्रेमवर कोड लिहायच्या-बघायच्या सॉफ्टवेअरच्या) एडिटरमध्ये "नल्स ऑन" ही कमांड कायमची देऊन ठेवली तर हा त्रास संपतोच.

याची दुसरी बाजू जास्त फसवी आहे. नल पाठवलेच जात नाहीत. चौकटीत एक शब्द लिहून, बाणाच्या कीने पाच घरं पुढे जाऊन दुसरा शब्द लिहिलात, तर मधली जागा दिसते, पण ती नलची असते. एंटर दाबल्यावर दोन्ही शब्द चिकटून जातात. मधे जागा हवी असेल तर स्पेसबारच दाबायचा. पत्त्याच्या फील्डमध्ये इमारतीचं नाव आणि गल्लीचं नाव असे चिकटलेले मी किती पाहिलेत, सांगता येणार नाही.

एका लॅपटॉपवर चार पडदे

पूर्वी कारकुनाच्या टेबलावर दोन यंत्रं असायची, एक ३२७० टर्मिनल आणि एक पीसी. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला इर्मा नावाचं कार्ड आलं. ते पीसीत खोचायचं, कोअ‍ॅक्स केबल त्याला लावायची, आणि पीसीच टर्मिनल व्हायचा. १९८३ मध्ये आयबीएमने स्वतःचा ३२७० पीसी काढला. त्यात एकाच पडद्यावर सात विंडो उघडता यायच्या: चार मेनफ्रेमच्या, एक डॉसची, दोन टिपणवहीच्या. मायक्रोसॉफ्टचं विंडोज १.० बाजारात यायला अजून दोन वर्षं होती. पुढे कोअ‍ॅक्स गेली, टीसीपी/आयपी आलं आणि ३२७० चे बाइट टेलनेटच्या, म्हणजे दूरच्या मशीनशी बोलायच्या जुन्या पद्धतीच्या, डब्यात बसून प्रवास करू लागले. या पद्धतीला टीएन३२७० म्हणतात. तिची आज रूढ असलेली सुधारित आवृत्ती, टीएन३२७०ई, १९९८ च्या आरएफसी २३५५ या इंटरनेटच्या दस्तऐवजात लिहिलेली आहे. मुंबईत सीप्झपासून पुण्यात हिंजवडीपर्यंत बसून अमेरिकेतल्या बँका आणि विमा कंपन्यांच्या मेनफ्रेमवर काम करणं सोपं झालं, त्यात या साध्या बदलाचा मोठा हात आहे.

प्रत्येक विंडो मेनफ्रेमच्या लेखी स्वतंत्र टर्मिनल असते. तिला वेगळं नाव मिळतं, एलयू नाव, आणि तुमच्या बाजूला ए, बी, सी अशी अक्षरं. ए मध्ये टेस्टचं आयएसपीएफ, बी मध्ये सीआयसीएसची (व्यवहार चालवणाऱ्या प्रणालीची) स्क्रीन, सी मध्ये प्रॉडक्शन, म्हणजे खरी कामं चालतात ती सिस्टिम. एका मशीनवर चार टर्मिनलं मांडून बसल्यासारखंच ते.

यात धोका काय, ते मी भोगून शिकलो. रात्रपाळीच्या सपोर्टला होतो. ए मध्ये टेस्ट, बी मध्ये प्रॉडक्शन, दोन्हीकडे एसडीएसएफची (चालू कामं दाखवणाऱ्या टूलची) जॉबची यादी. दोन्ही विंडो काळ्या, दोन्हींचे रंग तेच, जॉबची नावंही एका अक्षराने वेगळी. टेस्टमधला अडकलेला जॉब काढायला मी त्याच्यासमोर पी लिहिलं आणि एंटर दाबलं. विंडो बी होती. रात्री एकगठ्ठा चालणाऱ्या कामांमधला, म्हणजे बॅचमधला, चालू जॉब बंद पडला. तिकडच्या ऑपरेटरने दोन मिनिटांत फोन केला, म्हणून वेळेत कळलं. जॉब मधल्या स्टेपपासून पुन्हा लावला आणि पहाटेच्या आत काम पार पडलं. पण ती दोन मिनिटं मी विसरलेलो नाही.

त्या रात्रीपासून माझ्या प्रॉडक्शनच्या विंडोची पार्श्वभूमी गडद लाल असते, फॉन्ट वेगळा असतो आणि ती नेहमी पडद्याच्या उजव्या बाजूला असते. बहुतेक एम्युलेटरमध्ये अशी सोय आहे, पाच मिनिटांचं काम आहे. टीममध्ये कोणी नवीन आलं की हे काम मी शेजारी बसून करून घेतो.

कॉपी-पेस्टबद्दल एवढंच: इथे माउसने ओढलं की सहसा चौकोन निवडला जातो, ओळी नव्हे. हे फार सोयीचं आहे, नुसता रकमांचा रकाना उचलता येतो. पेस्ट करताना मात्र मजकूर चौकोनासारखाच खाली उतरत जातो आणि बंद फील्डवर आदळला की फुली येते, किंवा सेटिंगप्रमाणे तेवढा भाग गुपचूप गळून जातो. पेस्टनंतर, एंटरच्या आधी, एकदा वाचायचंच.

माणसाच्या जागी प्रोग्रॅम

ही विंडो माणसासारखी दुसरा प्रोग्रॅमही चालवू शकतो. त्यासाठी एम्युलेटरमध्ये हलापी नावाचा दरवाजा असतो: सेशन ए ला जोड, या जागी हा मजकूर टाक, एंटर दाब, या ओळीतली वीस अक्षरं वाचून दे. एक्सेलच्या मॅक्रोपासून आजच्या आरपीएच्या (माणसाची ठरावीक कामं आपोआप करणाऱ्या) बॉटपर्यंत बरेचसे याच दारातून आत जातात. याला स्क्रीन स्क्रेपिंग म्हणतात. कोबोल या जुन्या भाषेतल्या, चाळीस वर्षांपूर्वीच्या प्रोग्रॅमला हात न लावता काम होतं, म्हणून व्यवस्थापनाला ते आवडतं.

असे मॅक्रो मोडतात ते बहुतेक वेळा एकाच जागी: वाट बघण्यात. लिहिणारा एंटरनंतर "दोन सेकंद थांब" असं लिहून ठेवतो. एरवी उत्तर अर्ध्या सेकंदात येतं. महिनाअखेरीला चार सेकंद लागतात, आणि मॅक्रो जुन्याच पानावर पुढची माहिती टाइप करू लागतो. कुलूप सुटेपर्यंत थांबणं त्यापेक्षा बरं, पण तेवढ्यानेही भागत नाही, कारण कुलूप सुटलं म्हणजे हवं तेच पान आलं असं नाही. एररचं पान आलं तरी कुलूप सुटतंच. पानाचं शीर्षक किंवा स्क्रीन नंबर वाचायचा, तो बरोबर असेल तरच पुढची की. मॅक्रो तपासायला माझ्याकडे आला की मी आधी एवढंच बघतो.

इथेच सीआयसीएसचा एक स्वभाव सांगायला हवा. १९६९ पासून चालत आलेली ही प्रणाली तुमच्या हातात पान दिलं की साधारणपणे तुमचा प्रोग्रॅम संपवून टाकते. तुम्ही विचार करत असताना, चहा प्यायला गेलेले असताना, तिकडे तुमच्यासाठी काहीच चालू नसतं. थोडी माहिती कॉमएरिया नावाच्या कप्प्यात ठेवलेली असते. एंटर आलं की प्रोग्रॅम नव्याने सुरू होतो आणि कप्पा उघडून मागचं आठवतो. त्यामुळे तुमच्या पडद्यावर दिसणारी शिल्लक ही पान आलं त्या क्षणाची असते. मधल्या वेळात तेच खातं दुसऱ्याने बदललेलं असू शकतं. चांगला लिहिलेला प्रोग्रॅम बदल करण्याआधी रेकॉर्ड पुन्हा वाचून ताडून बघतो.

सुरक्षेचंही याच अंगाने समजून घ्या. "दाखवू नको" असा अ‍ॅट्रिब्यूट लावलेला मजकूर डोळ्यांना दिसत नाही, पण त्याचे बाइट लॅपटॉपपर्यंत आलेले असतात. बंद फील्ड बंद ठेवतो तो एम्युलेटर. नियम न पाळणारा एम्युलेटर कोणी लिहिला, तर तो लपलेलं दाखवेल आणि बंद केलेलं बदलून पाठवेल. म्हणून आलेली प्रत्येक किंमत मेनफ्रेमच्या बाजूला तपासायलाच हवी. पडद्यावर लपवलं म्हणजे सुरक्षित झालं, असं समजून लिहिलेले प्रोग्रॅम आजही चालू आहेत, याची मला खरी काळजी वाटते. शिवाय टीएन३२७० म्हणजे मुळात टेलनेट, आणि नुसतं टेलनेट पासवर्डसकट सगळं उघड पाठवतं. सेशनच्या सेटिंगमध्ये टीएलएस, म्हणजे सगळं सांकेतिक करून पाठवायची सोय, चालू आहे का, हे एकदा उघडून बघा. पोर्ट २३ म्हणजे सहसा उघडं आणि ९९२ म्हणजे सहसा टीएलएस, पण नंबरावर विसंबू नका, स्टेटसच्या ओळीतलं कुलपाचं चिन्ह बघा.

फाइल आणणं-पाठवणंही याच विंडोतून होतं. त्यासाठी मेनफ्रेमकडे इंड-डॉलर-फाइल नावाचा प्रोग्रॅम असतो आणि फाइलचे तुकडे ३२७० च्याच पानांच्या वाटेने ये-जा करतात. तिथे एक चौकट असते: टेक्स्ट की बायनरी. टेक्स्ट निवडलं की प्रत्येक बाइटचं एब्सिडिकमधून अ‍ॅस्कीत भाषांतर होतं. मजकुराला ते हवंच असतं. पण कोबोलच्या फाइलमध्ये रकमा बऱ्याचदा पॅक्ड डेसिमलमध्ये, म्हणजे एका बाइटात दोन आकडे कोंबून, ठेवलेल्या असतात. १२३४५ ही रक्कम तिथे तीन बाइटांत बसते: १२, ३४ आणि ५सी. शेवटचा सी म्हणजे अधिक चिन्ह. आता गंमत नाही, घात बघा: ५सी हा एब्सिडिकमध्ये तारांकनाचाही कोड आहे. भाषांतर करणाऱ्याला वाटतं हे तारांकन, तो त्याचा अ‍ॅस्की कोड लिहितो, २ए. शेवटच्या ५ चा २ झाला. वर पॅक्ड डेसिमलमध्ये ए हेही अधिक चिन्हच धरलं जातं, म्हणून कधीकधी एररसुद्धा येत नाही. फाइल उघडते, आकडे दिसतात, आणि ते चुकीचे असतात. फाइलचा कॉपीबुक (तिची रचना सांगणारा कोड) उघडून त्यात कॉम्प-३, म्हणजे पॅक्ड डेसिमल, दिसलं, तर टेक्स्टच्या चौकटीला हात लावायचा नाही.

परवाच्या बॅचमधल्या त्या मुलीने दुसऱ्या दिवशी विचारलं, "सर, कीमॅप बदलून मोठ्या एंटरवरच एंटर आणू का?" दोन-चार महिन्यांसाठीच या कामावर असणाऱ्यांना मी हो म्हणतो. तिला म्हटलं, तुझी तू ठरव, पण एक बघ: मोठं एंटर नवी ओळ म्हणून राहिलं तर दिवसातून शंभर वेळा ते बिनधास्त दाबता येतं, त्याने काहीच पाठवलं जात नाही. पाठवायची की एकच, आणि ती दाबायला हात मुद्दाम खाली न्यावा लागतो. तिने थोडा विचार केला, कीमॅप तसाच ठेवला, आणि सेशन सी ची पार्श्वभूमी लाल करून घेतली.